धनुष्याची दोरी पावसाळ्यात कशी सांभाळता?

चिपळूणकर_बाबा
नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

लेक आठवीत आहे, गेल्या दिवाळीपासून धनुर्विद्या शिकते. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. ६६ इंची, लाकडी रायझर (मधला मुठीचा भाग), २४ पौंड ताणाचे लिंब (मुठीच्या वर-खाली लागणाऱ्या पात्या). बाजारातून संच आणला त्यातलीच पांढरी दोरी अजून चालू आहे. मला या खेळातलं शून्य कळतं. माझं काम म्हणजे स्कूटरवर ने-आण, बाण शोधणे आणि सराव संपला की धनुष्य सुटं करून, लिंब उतरवून पिशवीत भरणे.

पाऊस लागल्यापासून दोरीचं काहीतरी बिनसलंय. एक तर तिला लव आलीय, जुन्या स्वेटरला येते तशी. दुसरं, बाण सुटताना आधी दबका आवाज यायचा, आता टणटण वाजतं. तिसरं, दोरी हाताला लागते. आर्मगार्ड आहे, तरी कोपराच्या आतल्या बाजूला काळंनिळं झालंय. बाण तर कुठेही जातात. मे महिन्यात १८ मीटरवर सहातले चार लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या-लालात असायचे.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कपाटातल्या चपलांना बुरशी येते. माझा अंदाज असा की दोरी ओल खाऊन सैल पडली. रोज घरी आलो की ती पुसून मागच्या पडवीत खिळ्याला टांगतो, तरी हे हाल. मोबाइल भिजल्यावर तांदळात ठेवतात तशी डब्यात तांदूळ घालून ठेवली तर चालेल का? जाणकारांनी सांगावं.

तिरकस
तांदळात ठेवा, दोन भांडी पाणी घाला, तीन शिट्ट्या द्या. लिंब उतरवलेत म्हणताय, म्हणजे वरून पिळायलाही झालं.

आडवा_बाण
तिरकसराव, बाबांच्या पोरीचा हात सुजलाय, जरा दमानं.

बाबा, तांदूळ नको. उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारतो. १) दोरी डॅक्रॉनची आहे ना? पांढरी आणि संचातली म्हणजे बहुधा तीच. २) धनुष्य चढवल्यावर मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंत अंतर किती भरतं? याला ब्रेस हाइट म्हणतात. घरातली पोलादी पट्टी काटकोनात धरून मोजा. ३) सुरुवातीला सरांनी हे अंतर कुठे लिहून दिलं होतं का? ४) दोरी उतरवल्यापासून पुन्हा चढवेपर्यंत तुम्ही तिचं नक्की काय काय करता? एकही पायरी गाळू नका.

मला दोरी ओल खाऊन सैल पडली असं वाटत नाही. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, ते पाणी जवळपास पीतच नाही.

चिपळूणकर_बाबा
धन्यवाद. दोरी डॅक्रॉनच, पाकिटावर होतं. आज मोजलं: २०.१ सेंमी. तीनदा मोजलं. सरांनी पहिल्या दिवशी मोजलेलं सौभाग्यवतींनी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: २१.६.

पायऱ्या सांगतो. स्ट्रिंगर (धनुष्य वाकवायची वेगळी दोरी) लावून धनुष्य वाकवतो, दोरीच्या टोकांचे दोन्ही फासे काढतो. (स्ट्रिंगर न लावता पायात अडकवून वाकवायचं नाही, एवढं सरांनी बजावलंय.) दोरी घडी करून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. घरी आल्यावर पंचाने पुसतो. मग तिला जो पीळ पडलेला असतो तो काढतो, एक टोक खिळ्याला अडकवून वरून खाली चिमटीत ओढत नेतो. छान सरळ होते. मग तशीच टांगून ठेवतो.

आडवा_बाण
सापडलं!

मूर्वा
अरे देवा. बाबा, तुम्ही रोज तिचा पीळ *काढता*?

तिरकस
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. बाबांनी न जाळता घालवून दाखवला.

चिपळूणकर_बाबा
म्हणजे तो पीळ हवा असतो? मला वाटलं टेलिफोनच्या वायरला पडतो तसा वापरून पडलाय. हसा आता. लेकीला सांगितलं तर ती म्हणते, "बाबा, सर पहिल्या दिवशी मोजून पीळ घालत होते, मी बघितलं होतं." मग महिनाभर बोलली का नाही, तर म्हणे तुम्ही इतक्या प्रेमाने करत होतात.

आडवा_बाण
बाबा, वाईट वाटून घेऊ नका. मी पहिल्या वर्षी याहून मोठे उद्योग केलेत. आता नीट सांगतो, लांबेल.

रिकर्व्हची दोरी म्हणजे एकाच धाग्याचे समांतर पेड. तुमच्या डॅक्रॉनमध्ये दहा-बारा असतील, पुढे फास्ट फ्लाइट किंवा ८१२५ हे कमी ताणणारे धागे वापराल तेव्हा सोळा ते वीस. ते एकमेकांना धरून राहावेत आणि दोरी गोल व्हावी म्हणून पीळ देतात. पण त्याचं खरं काम लांबी जुळवणं. पीळ वाढला की दोरी तोकडी होते, धनुष्य जास्त वाकतं, ब्रेस हाइट वाढते. कमी झाला की उलट. साधारण वीस ते तीस पीळ असतात. माझ्या धनुष्यावर पाच पीळ इकडेतिकडे झाले तर तीन-चार मिमीचा फरक पडतो. तुमचे दीड सेंमी गेलेत म्हणजे निम्म्याहून जास्त पीळ खिळ्याला लटकून उलगडला.

मग बाकीचं सगळं आपोआप जुळतं. दोरी मुठीच्या जवळ आली, म्हणून सुटताना हाताच्या जास्त जवळून जाते आणि लागते. बाण दोरीवर जास्त वेळ राहतो, त्यामुळे बोटांची प्रत्येक चूक त्याच्यात उतरते. टणटणही त्यातलीच. लव येण्याचं कारण मात्र वेगळं, त्यावर खाली बोलू.

६६ इंची धनुष्याला साधारण २१ ते २२.२ सेंमी चालतं, ६८ इंचीला त्याहून थोडं जास्त. सरांचं २१.६ बरोबर मधोमध आहे. उद्या एक फासा काढून, दुसरा अडकलेलाच ठेवून, पाच पीळ द्या, चढवा, मोजा. परत पाच. २१.६ आलं की थांबा. पीळ ज्या दिशेने मधलं सर्व्हिंग (दोरीच्या मध्यावरचं धाग्याचं वेष्टण) गुंडाळलंय त्याच दिशेने घाला. उलट घातलात तर सर्व्हिंग ढिलं पडून सरकायला लागेल.

आता उतरवताना. दोन्ही फासे हातात आले की ते एकमेकांत अडकवा. छोटी कॅराबिनर कडी, सेफ्टी पिन, किल्लीची रिंग, अगदी बाइंडर क्लिपसुद्धा चालते. दोन्ही टोकं बांधली गेली की पीळ जायला वाट उरत नाही. मग सैल वेटोळं करा आणि ठेवा. एका टोकाने लटकवलेली दोरी हळूहळू स्वतःच फिरते, तुम्ही हात लावला नाहीत तरी.

कोचकाकू
वरचं सगळं बरोबर. एक भर घालते.

फास्यांकडे बघा, एक मोठा आहे आणि एक लहान. मोठा वरच्या लिंबाचा, कारण तो लिंबावरून खाली सरकवून ठेवता येतो. घाईत उलटी चढते. मग नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची खूण) भलत्याच उंचीवर जातो आणि पोरगं बिचारं दोन तास स्वतःच्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याला, दोष देत बसतं. आमच्याकडे एका जिल्हा स्पर्धेत हे झालं, सरावाच्या फेरीत सगळे बाण लक्ष्याच्या वरून. मी तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या दोरीच्या वरच्या फाशाला लाल धाग्याचे चार वेढे घालून देते. बाबा, तुम्हीही घाला. बाण कुठेही जातात म्हणालात, त्यात याचाही हात असू शकतो.

आणि मुलीला मोजायला शिकवा. तुम्ही मोजू नका. दहा वर्षांची पोरंही बो-स्क्वेअर (मोजायची काटकोनी पट्टी) लावून आकडा सांगतात. सरावाच्या आधी एकदा, अर्ध्या तासाने एकदा. डॅक्रॉन ताणलं जातं, नवी असताना तर जास्तच.

मूर्वा
धागा वाचून राहवत नाही, थोडं अवांतर.

बाबांची भीती निराधार नाही, फक्त काही शतकं उशिरा आलीय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यायात दोऱ्यांची यादी आहे: मूर्वा, अर्क म्हणजे रुई, शण म्हणजे ताग, गवेधु, वेणु म्हणजे बांबू आणि स्नायू. सगळ्या वनस्पतींच्या किंवा प्राण्यांच्या. मूर्वापासून केलेली ती मौर्वी, संस्कृत काव्यात धनुष्याच्या दोरीला हाच शब्द वारंवार येतो. (माझं टोपणनाव कुठून आलं ते कळलं असेल.) जुन्या मराठीत फारसीतून आलेला चिल्ला. अशा दोरीला ओल म्हणजे खरंच संकट. स्नायू तर भिजला की लिबलिबीत. इंग्रज-फ्रेंचांच्या १३४६ सालच्या क्रेसीच्या लढाईबद्दल सांगतात की पाऊस आला तेव्हा इंग्रज तिरंदाजांनी दोऱ्या उतरवून शिरस्त्राणाखाली कोरड्या ठेवल्या आणि समोरच्या जिनोव्हाच्या क्रॉसबोवाल्यांच्या भिजल्या.

तेव्हा "दोरी कोरडी ठेव" हा सल्ला आपल्या रक्तात आहे. आता दोरी बदलली, सल्ला तोच राहिला.

आडवा_बाण
+१, मस्त. हल्लीच्या डायनीमाच्या दोऱ्या तर पाण्यावर तरंगतात, ते पॉलिथिलीनच आहे.

पावसात फरक पडतो तो वजनाचा. मेण सुकलेली, लव आलेली दोरी पेडांच्या मध्ये थेंब धरून ठेवते. दोरी जड झाली की बाण हळू सुटतो. १८ मीटरवर जाणवणार नाही, ७० मीटरवर बाण लक्ष्यावर काही रिंगा खाली लागतात. म्हणून पावसात बाण लावायच्या आधी बोटाने दोरी हलकेच छेडून पाणी उडवायचं. छेडायची फक्त. बाणाशिवाय ताणून सोडायची नाही कधीच, लिंब फुटतात.

खिळाहातोडा
माझा जुगाड. मी प्लंबिंगच्या २५ मिमी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतलाय. दोन्ही टोकांना आरीने एकेक खाच, पॉलिश पेपरने कडा गोल केल्या (हे करा, नाहीतर ती खाचच पेड कापेल). एक फासा या खाचेत, मग गुंडाळत जायचं, दुसरा फासा त्या खाचेत. पाइपवर पर्मनंट मार्करने "१" आणि "२" लिहिलंय. दोरी एक, दोरी दोन. तयार दोरी-वाइंडर मिळतात, पण तुकडा भंगारातला होता.

एक गोष्ट मला दोन महिने कळत नव्हती. घरी २२.३ असलेली ब्रेस हाइट मैदानावर २२.७ यायची. पाइपवर जायच्या आधी आणि नंतर दोरीचे पीळ मोजत बसलो. गंमत अशी की मी गुंडाळताना पाइप हातात फिरवायचो आणि काढताना घाईत वेढे पाइपच्या टोकावरून नुसते ओढून काढायचो. असा प्रत्येक वेढा दोरीत एक पीळ घालतो किंवा काढतो. नळाचा पाइप किंवा एक्स्टेन्शनची वायर वेटोळ्यातून ओढली की गाठी पडतात, तसंच. पाइप फिरवत गुंडाळली तर पाइप फिरवतच उलगडा. तेव्हापासून आकडा हलला नाही.

राईनकाठची_रमा
खिळाहातोडा, हे वाचून कपाळावर हात मारला. माझंही अगदी हेच होत होतं आणि मी थंडीला दोष देत होते!

मी जर्मनीत क्लबात जाते. हिवाळाभर हॉलमध्ये १८ मीटर, ४० सेंमीचं लक्ष्य. इथे ओल नाही, हीटर आहे. पहिल्या वर्षी बाहेरच्या स्पर्धेत भिजून आले आणि मराठी संस्कारानुसार दोरी वाळायला हीटरवर टाकली. रात्रभर. सकाळी मेण वितळून हीटरवर डाग आणि दोरी अशी कोरडी खरखरीत की टॅबवर (बोटांवरच्या चामड्यावर) करकरायची. क्लबातले आजोबा काही बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या पिशवीतून मेणाची कांडी काढून माझ्या हातात दिली.

चिपळूणकर_बाबा
आज १८ पीळ घातले, २१.५ आलं. हाताला लागलं नाही! आवाजही पूर्वीसारखा. आणि कोचकाकू, तुमचा अंदाज बरोबर निघाला: दोरी उलटीच चढवली होती. किती दिवसांपासून, देव जाणे. लाल धागा बांधला.

आता लव. मेण कुठलं लावू? देवघरात मेणबत्त्या आहेत.

आडवा_बाण
मेणबत्ती नको. ते पॅराफिन, कडक होतं आणि दोरी वाकली की पापुद्रे सुटून पडतात. धनुष्याच्या दोरीचं मेण वेगळं मिळतं, लिपस्टिकसारख्या कांडीत, जरा चिकट असतं. एक कांडी वर्षभर पुरते. गावात मधमाश्यांचं शुद्ध मेण मिळालं तर डॅक्रॉनला तेही चालतं. खोबरेल, व्हॅसलिन, शिलाई मशीनचं तेल यातलं काहीही नाही. धूळ धरते आणि तीच धूळ पेडांच्या आत बसून कानसीसारखी घासते.

कसं लावायचं: दोरी चढवलेल्या धनुष्यावर. सर्व्हिंगच्या वर आणि खाली, उघड्या पेडांवर कांडी एकदा फिरवा. मग चामड्याचा तुकडा किंवा दोन पदरी कागद दोरीभोवती चिमटीत धरून भराभर वरखाली. बोटांना कोमट लागलं की मेण आत उतरतं. बोटं भाजायला लागली तर थांबा, दोरीही भाजतेय. शेवटी एक हातभर शिवणाचा दोरा दोरीभोवती एक वेढा देऊन वरून खाली ओढत न्या. वर राहिलेलं मेण पांढऱ्या गोळीसारखं त्याच्यापुढे जमत जातं. ते काढलं नाही तर माती चिकटते.

मधल्या सर्व्हिंगला मेण लावायचं नाही. बोटं चिकटतात, नॉक (बाणाच्या शेपटीची खाच) घट्ट होतो. नॉक कसा हवा त्याची साधी परीक्षा: धनुष्य आडवं धरा, बाण दोरीत अडकवून टोक जमिनीकडे लटकवा. स्वतःच्या वजनावर लटकून राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. टिचकीशिवाय पडत असेल तर सर्व्हिंग झिजलंय, पडतच नसेल तर जाड आहे.

बांबूवाला
आमच्याकडे इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या धनुष्याचा देशी प्रकार, ३० आणि ५० मीटर. दोरीचा एकच नियम: लाकडाला आणि बांबूला डॅक्रॉनच. कोणी हौशीने डायनीमा चढवली तर ती ताणत नाही, सगळा झटका धनुष्याच्या टोकावर. टोकाला खाच खोल होत जाते, एक दिवस तडा जातो. बाबांचा रायझर लाकडी आहे, लिंबांची टोकं मजबूत केलेली आहेत का ते दुकानात विचारा, मगच पुढची दोरी घ्या.

आणि उंदीर. यावर कोणी बोललं नाही. गावाकडच्या खोलीत खुंटीला टांगलेली मेण लावलेली दोरी रात्रीत तीन ठिकाणी कुरतडली होती. त्यात मेण मधमाश्यांचं, वास येत असणार. आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

कोचकाकू
उंदीर हा मुद्दा शंभर टक्के.

मी गाडीबद्दल लिहिते, कारण पावसाळ्यात सगळे ओलीला घाबरतात आणि एप्रिल-मेमध्ये सगळे विसरतात. डायनीमा साधारण १४५-१५० अंशाला वितळते, हे ऐकून लोक निवांत होतात. पण तिची ताकद त्याच्या खूप आधी उतरायला लागते आणि गरम असताना ताणाखाली ती कायमची लांबते, पुन्हा आखडत नाही. विदर्भात उन्हात काचा बंद करून गाडी लावली की डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. एका पालकांनी चढवलेलं धनुष्य मागच्या काचेखाली ठेवून जेवायला नेलं पोरांना. परत आल्यावर दोरी लांबली होती, ते दुरुस्त होतं. वरच्या लिंबाचे थर टोकाकडून सुटायला लागले होते, ते होत नाही. त्यांची मुलगी रडली आणि तिचे बाबा हॉटेलचं बिल घेऊन उभे. तेव्हा ओलीपेक्षा मला ऊन जास्त नको.

पंकज_ढगे_नाही
नवा प्रश्न: सराव संपला की दोरी उतरवायचीच का? आमच्याकडे दोन दोन आठवडे चढवलेलं असतं.

आडवा_बाण
शिंग-स्नायूंचं जुनं धनुष्य असेल तर उतरवायलाच हवं. हल्लीचे फायबर-कार्बनचे लिंब काही दिवस चढवलेले राहिले म्हणून बिघडत नाहीत. उतरवायचं कारण व्यवहाराचं आहे: ६८ इंची धनुष्य चढवून एसटीत कसं न्याल? घरी भिंतीवर सावलीत, लहान मुलांच्या हाताबाहेर असेल तर राहू द्या. बांबू आणि लाकूड मात्र रोज उतरवा.

खिळाहातोडा
बाबांच्या दुसऱ्या पोस्टीत एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. "घडी करून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात." बाबा, त्या कप्प्याला वेल्क्रो आहे का?

चिपळूणकर_बाबा
आहे! आणि आत अ‍ॅलन की, एक जुना क्लिकर, शार्पनर. आत्ता पाहिलं तर वेल्क्रोच्या काटेरी पट्टीत पांढरे तंतू अडकलेत. बारीक बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे.

खिळाहातोडा
तीच तुमची लव. मेण लावून फुगलेली लव बसते, तुटलेला पेड बसत नाही. दोरी उजेडात धरून नखाने हळूहळू सरकवत बघा. नुसते केस दिसले तर मेण. एक अख्खा पेड तुटून बाहेर आला असेल तर ती दोरी संपली, गाठ मारायची नाही. आणि लिंबांच्या टोकांच्या खाचांतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला की तिथे कूस आहे, बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नाहीतर नवी दोरीही फासातून तुटेल.

मूर्वा
तुटण्यावरून आठवलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात केव्हलारच्या दोऱ्या चालायच्या. वेगवान, पण वाकून वाकून आतून मरायच्या आणि वरून काहीच न दाखवता एक दिवस फटकन. आमचे एक ज्येष्ठ अजून सांगतात, प्रत्येकजण बाण मोजायचा आणि एका आकड्यानंतर धडधाकट दिसणारी दोरी टाकून द्यायचा. आताच्या दोऱ्या निदान केस पिंजारून सांगतात तरी.

तिरकस
म्हणजे दोरीपण नवऱ्यासारखी. पांढरी, पिंजारलेली, आणि पीळ काढला की निकामी.

कोचकाकू
तिरकस, पुढच्या रविवारी मैदानावर या. बाण शोधायला माणूस हवाय.

राईनकाठची_रमा
एक राहिलंच: दुसरी दोरी. सगळे सांभाळायचं बोलताहेत, पण स्पर्धेत तुटायची ती तुटतेच. आणि पाकिटातली कोरी दोरी म्हणजे सुटे भाग, दोरी नव्हे. ती आधी शंभर-दोनशे बाण मारून बसवावी लागते, तिचा नॉकिंग पॉइंट पहिलीच्या बरोबर उंचीला बांधावा लागतो. मी दोन्ही दोऱ्यांना नावं दिलीत, पाकिटावर चिठ्ठी: पीळ किती, ब्रेस हाइट किती, नॉकिंग पॉइंट किती वर, शेवटचं मेण कधी. आठवड्याआड अदलाबदल करते, दोघी सारख्या झिजतात. विमानात ही दोन्ही पाकिटं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, धनुष्य खाली गेलं तरी.

आडवा_बाण
वाखुसा (वाचनखूण साठवली). हे बाबांना आत्ता कळण्याची गरज नाही, पण लेक पुढे गेली तर लागेल. साताऱ्यातल्या सरडे गावातून प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत रिकर्व्ह घेऊन गेलाच की.

चिपळूणकर_बाबा
आज सगळं झालं, एकत्र लिहितो.

एक पेड तुटलेला निघाला, खालच्या फाशापासून चार बोटांवर. वेल्क्रोचीच करामत. नवीन डॅक्रॉन मागवलीय, दोन. जुनी दोरी लेकीने मागून घेतली, मेण लावायचा सराव करायला. कप्प्यातला सगळा लोखंडी माल वेगळ्या डबीत गेला. पाइपचा तुकडा आमच्या प्लंबरने फुकट दिला, खाचा मी पाडल्या, कडा तिने घासल्या. पडवीतला खिळा तिने स्वतः उपटला आणि म्हणाली, "आता इथे तुमची छत्री लावा."

भूगोलाच्या वहीतलं पान फाडून पाइपच्या आत सुरळी करून ठेवलंय. त्यावर सरांचं २१.६, त्याखाली तिच्या अक्षरात आजची तारीख आणि २१.६.

एक शेवटची शंका. दुकानदार विचारतोय रंग कोणता. तिला गुलाबी-काळी हवीय. रंगाने काही बिघडतं का?

आडवा_बाण
काही नाही बिघडत. दोन रंगांची असली तर उलट बरं, पीळ मोजायला सोपे जातात. फक्त वरच्या फाशाचा लाल धागा गुलाबीत दिसणार नाही, हिरवा घ्या.

कोचकाकू
हिरवा घ्या.